दहशतीची नोंदवही

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकताच पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. "सर, परीक्षेचे बोला, नोकरीचे बोला, हे कशाला?" असे त्यांच्या मनात आले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. या विषयावर मुलांनी तोंड उघडू नये, अशीच आपल्या घरांतील शिकवण आहे. परंतु आपण गप्प राहिलो तरी या विषयाची वही कोणी ना कोणी लिहीतच असते. ती कशी लिहिली जाते, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.

दिल्लीत 'इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट' नावाची संस्था आहे. पंजाबचे माजी पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी ती १९९७ साली काढली. आपल्या शिक्षणसंस्थेप्रमाणेच ती नोंदणीकृत आणि नफ्यासाठी न चालणारी. दक्षिण आशियातील हिंसक घटनांची नोंद ती २००० सालापासून इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवत आली आहे. काम वाण्याच्या खतावणीसारखे : तारीख, ठिकाण, नागरिक किती मेले, सुरक्षा दलांचे किती, अतिरेकी किती. ही माहिती बातम्यांवरून घेतलेली असून आकडे तात्पुरते आहेत, असे ती स्वतःच सांगते. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. पण आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? बातमीत जे आले नाही ते वहीतही येत नाही.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाची वही याहून मोठी, साऱ्या जगाची, १९७० पासूनची. तिची सुरुवातीची वर्षे पिंकर्टन नावाच्या खाजगी सुरक्षा कंपनीने कार्डांवर लिहून ठेवली होती. कचेरी हलवताना एका वर्षाची कार्डे गहाळ झाली. ते वर्ष कोणते? १९९३! ज्या वर्षी १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली, नेमके तेच वर्ष त्या तपशीलवार यादीत नाही. तिथे ते पान अपघाताने गेले. आपण मात्र कोणतेही पान मुद्दाम फाडता कामा नये, आपल्यातल्यांनी केलेल्या पापाचे तर मुळीच नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. मालेगावात बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. मृतांचा आकडा कुठे ३१ वाचायला मिळतो, कुठे ३७. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम पुरुषांना आरोपी केले. म्हणजे मेले तेही आपले आणि धरले तेही आपले. पुढे तपास सी.बी.आय.कडे गेला आणि २०११ साली राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात बहुतेकांना जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. नवांपैकी एक जण तो दिवस पाहायला हयात नव्हता. विद्यार्थ्यांनी येथे एक शब्द ध्यानात घ्यावा. 'आरोपमुक्त' म्हणजे खटला चालवण्याइतकाही आधार न्यायालयाला दिसला नाही. पकडल्याची बातमी ठळक येते. दहा वर्षांनी सुटल्याची तितकी ठळक येत नाही. जो बातम्यांवरून वही लिहितो त्याने मागची पाने उघडून दुरुस्ती केली नाही, तर त्या माणसाच्या मुलांनाही तो डाग पुसता येत नाही.

दुसरी घटना २९ सप्टेंबर २००८ ची, भिक्कू चौकातील. सहा जण मेले. सरकार पक्षाने ३२३ साक्षीदार तपासले, त्यांतले कितीतरी उलटले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. हा निकाल ऐकून आपल्यापैकी अनेकांना वाईट वाटले, मलाही वाटले. तरी ज्या नियमाने मी पहिल्या नऊ जणांचा डाग पुसा म्हणतो, त्याच नियमाने या सातांच्या नावापुढेही 'निर्दोष मुक्त' असेच लिहावे लागेल. मग त्या सहा जणांना मारले कोणी? तो रकाना कोराच आहे आणि तो कोरा आहे हे लिहिणेही नोंद करणाऱ्याचे कामच आहे.

मुळात दहशतवाद कशाला म्हणायचे, हाही वादच. १९०९ च्या २१ डिसेंबरला याच नाशिकात, विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. इंग्रजांच्या रौलट समितीने १९१८ मध्ये नाशिकची हकीकत क्रांतिकारी कटांच्या यादीत बसवली. आपण कान्हेऱ्यांना हुतात्मा म्हणतो. आणि दंगल? ती बहुधा या वह्यांत बसतच नाही. ते काम आपल्याच समाजातल्या एका माणसाने अंगावर घेतले. असगर अली इंजिनिअर मुंबई महापालिकेत अभियंता होते. दंगल झालेल्या गावी जायचे, दोन्ही मोहल्ल्यांत बसायचे, कारणे लिहून काढायची, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९९३ साली त्यांनी मुंबईत 'सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलरिझम' ही संस्था काढली. २०१३ साली ते गेले. दंगलींची वार्षिक नोंद संस्थेने पुढे चालू ठेवली. कट्टर मंडळी त्यांच्यावर रागावलेली असत, ही गोष्ट वेगळी.

डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, जरूर व्हा. पण दहा-वीस मुलामुलींतून एखाद्याने तरी संख्याशास्त्र, कायदा किंवा पत्रकारिता घ्यावी, असे मला वाटते. सुरुवात लहान करू. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत नववी-दहावीच्या दहा विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे जाणार आहे. मालेगावच्या दोन घटनांबद्दल जे जे छापलेले मिळेल ते तारखेनिशी उतरवून घ्यायचे. आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहायचे आणि कोणता आकडा कोणाचा तेही लिहायचे. ज्या पालकांची हरकत नसेल त्यांनी आज जाताना माझ्याकडे नावे द्यावीत. मुलींचीही द्यावीत.