घरचा सर्व्हर आणि हरवलेले फोटो

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या छंदाविषयी बोलावं असं समितीने ठरवलं. माझ्या आधी बागेविषयी झालं, पेटीवादन झालं. आता माझा छंद म्हणजे जुने संगणक आणि त्यावरचं लिनक्स. विषय रुक्ष वाटेल, पण मला आज त्यानिमित्ताने तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे.

ऑगस्टमध्ये ओळीने चार रविवार मी तुम्हाला याच सभागृहात बोलावलं. पडद्यावर जुने फोटो लावले आणि ‘हे कोण, हे कधीचं’ असं विचारत बसलो. सगळ्यांना वाटलं, स्मरणिकेसाठी काका हौसेने करतायत. खरं कारण वेगळं होतं. सोसायटीच्या पहिल्या सहा वर्षांचे फोटो माझ्या हातून पुसले गेले होते. समितीला मी तेव्हाच सांगितलं होतं. बाकीच्यांना आज सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा पाठिंबा बंद झाला. घरचा संगणक तर धडधाकट होता, पण नवी विंडोज त्याला झेपेना. मुलाने एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट आणून दिलं. तासाभरात संगणक चालू झाला, एक रुपया खर्च नाही. मी बँकेतला माणूस, फुकट म्हटल्यावर पहिला संशय आला! मग वाचत गेलो. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की, छंद म्हणून मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. आज तुमच्या सगळ्यांच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच लिनक्स आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा पाठिंबा संपला. तेव्हा घरातला चांगला चालणारा संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मला दाखवा, एवढीच विनंती.

आता सर्व्हर. नाव मोठं, पण माझा सर्व्हर म्हणजे टीव्हीखालच्या कपाटातला २०१२ सालचा जुना डेस्कटॉप. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. त्यावर डेबियन हे लिनक्स आहे. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो त्यावर जमा होतात, विजेची बिलं, पॉलिसीची कागदपत्रं, आईने म्हटलेल्या ओव्यांची कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिफीत, सगळं तिथे. सोसायटीची जुनी इतिवृत्तं आणि फोटो स्कॅन करायचं काम समितीने माझ्याकडे दिलं, तेही तिथेच. खर्च विचाराल तर मी मीटर लावून मोजलाय. सरासरी ४० वॅट. चोवीस तासांत एक युनिटला थोडं कमी, महिन्याला साधारण २९ युनिटं.

यात बिघाड होतातच, आणि खरं सांगायचं तर बिघाड शोधण्यातच मजा आहे. बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर कुणी घरी जात नसे. फरक आला की आम्ही आधी तो नऊने भागून पाहायचो. भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत, असा संशय घ्यायचा. म्हणजे सगळी वाउचरं विस्कटायची नाहीत. फरक काय सांगतोय ते आधी ऐकायचं. संगणकाचंही तसंच. एकदा सर्व्हर ‘हरवला’. चालू होता, पण कुठल्याच फोनवरून दिसेना. दोन दिवस मी सगळं उलटंपालटं केलं. कारण एवढंच की वीज गेल्यावर राउटरने त्याला नवा नंबर दिला होता आणि मी जुन्या नंबरावर शोधत होतो. माणूस घरातच होता, फक्त फ्लॅट बदलला होता. राउटरमध्ये त्याचा नंबर राखून ठेवला, प्रश्न संपला.

एवढं कळूनही जूनमध्ये मी फसलो, ते कसं ते सांगतो.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली. परत आली तर सर्व्हर सुरू होईना. टीव्ही जोडून पाहिलं, पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ असं लिहिलेलं. झालं असं होतं. लिनक्समध्ये ‘एफएसटॅब’ नावाची एक यादी असते. कुठल्या कुठल्या डिस्क हजर असल्या पाहिजेत ते त्यात लिहिलेलं असतं. सुरू होताना यंत्र हजेरी घेतं. एखादी डिस्क आली नाही तर दीड मिनिट वाट बघतं आणि मग अडून बसतं. दोन चावीवाले हजर असल्याशिवाय स्ट्राँगरूम उघडत नाही, तसंच.

मी इंटरनेटवर उपाय शोधला. त्या यादीत त्या डिस्कपुढे ‘नोफेल’ असा एक शब्द लिहा, म्हणजे ती आली नाही तरी यंत्र अडणार नाही. लिहिला. यंत्र सुरू झालं. मी खूश होऊन चहा घेतला. पण गैरहजर डिस्क कोणती, हे त्याच पडद्यावर लिहिलेलं होतं आणि ते मी धड वाचलंही नाही. ती होती माझी बॅकअपची बाहेरची डिस्क. तिची केबल ढिली झाली होती. म्हणजे स्ट्राँगरूमची घंटा वाजत होती आणि मी चोर शोधायच्याऐवजी घंटेची वायर काढली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक खण डोळ्यांपुढे आणा. त्यात आपण एक डबा ठेवतो. डबा जागेवर असेल तर खणात टाकलेलं सगळं डब्यात जातं. डबा नसेल तर ते खणाच्या फळीवरच पडतं. आणि नंतर डबा परत आणून ठेवला तर फळीवरचं सगळं त्याच्या मागे झाकलं जातं, दिसतच नाही. लिनक्समध्ये डिस्क जोडणं, ज्याला माउंट करणं म्हणतात, ते असं असतं. फोल्डर म्हणजे खण आणि डिस्क म्हणजे डबा.

रोज रात्री दोन वाजता ‘आरसिंक’ नावाचा प्रोग्रॅम सगळ्या फाइलींची प्रत बॅकअपच्या खणात टाकतो. जूनपासून त्या खणात डबाच नव्हता. आरसिंकला काय त्याचं! त्याने फळीवर टाकलं. फळी म्हणजे यंत्राची स्वतःची १२० जीबीची छोटी डिस्क. माझा डेटा तेव्हा ऐंशी जीबीच्या आसपास, म्हणून तो मावला. रोज सकाळी नोंद व्हायची, ‘काम पूर्ण’. मी ती वाचून समाधानाने फिरायला जायचो.

जुलैभर मी इतिवृत्तं स्कॅन केली. फाइली वाढल्या आणि महिनाअखेरीला फळी भरली. सर्व्हर बंद पडायला लागला. ‘डीएफ’ ही कमांड दिली की कुठली डिस्क किती भरलीय ते दिसतं. १०० टक्के! शोधलं तेव्हा बॅकअपचा खणच भरलेला दिसला आणि सगळा प्रकार ध्यानात आला. ढिली केबल सापडली. मी ती घट्ट बसवली. आणि मग म्हटलं, आता फळीवरची ती खोटी प्रत पुसून टाकू, जागा होईल. रात्रीचे साडेअकरा झाले होते. कमांड दिली. मिनिटभरात काम झालं. परत डीएफ पाहिलं तर डिस्क तशीच १०० टक्के भरलेली.

पोटात गोळा आला. केबल लावल्याबरोबर यंत्राने डिस्क आपणहून जोडून घेतली होती. डबा खणात आला होता. मी पुसलं ते फळीवरचं नव्हतंच, डब्यातलं होतं.

तरी बिघडायला नको होतं, कारण बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. मूळ प्रत जागेवर होतीच. पण वर्षभरापूर्वी जागा करण्यासाठी मी सोसायटीचे २००० ते २००५ चे फोटो मुख्य डिस्कवरून काढून त्या बाहेरच्या डिस्कवर ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवले होते. त्यांची तीच एकमेव प्रत होती. सुमारे चौदाशे फोटो. मूळ प्रिंट मी ज्यांच्या त्यांना परत दिल्या होत्या. त्यातली काही कुटुंबं आता दुसरीकडे राहायला गेली, काहींच्या आल्बमना बुरशी लागली.

त्या रात्री मी एक गोष्ट बरोबर केली. डिस्क लगेच उतरवली आणि तिच्यावर पुढे काहीही लिहू दिलं नाही. पुसणं म्हणजे लेजरची पानं फाडणं नाही, नुसती अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच असतात, पण ती आता कोरी समजली जातात आणि त्यावर नवं कधीही लिहिलं जाऊ शकतं. ‘फोटोरेक’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. एकेक पान उलटत जातो आणि जिथे फोटोची सुरुवात ओळखू येते तिथून तो उचलतो. उचललेलं मात्र दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, त्याच डिस्कवर कधीच नाही. नवी डिस्क आणली, रात्रभर यंत्र चालवलं. सकाळी बाराशेच्या आसपास फोटो परत आले होते.

फोटो आले, पण बिननावाचे. ‘२००१ गणपती’, ‘२००३ वृक्षारोपण’ हे सगळे फोल्डर गेले. नुसते एफ अक्षर आणि पुढे आकडे. कागदी फोटोंचे स्कॅन, त्यामुळे आत तारीखही नाही. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. माझ्याकडे बाराशे फोटो सस्पेन्समध्ये पडले होते. म्हणून तुम्हाला बोलावलं.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. पाठमोऱ्या उभ्या असलेल्या पहिल्या चेअरमनसाहेबांना बी विंगमधल्या आजींनी नुसत्या टोपीवरून ओळखलं. रंगाने माखलेली ती छोटी मुलगी कुणाची, हे तिच्या आईने फ्रॉकवरून सांगितलं, कारण फ्रॉक तिने स्वतः शिवलेला. पहिल्या वॉचमनमामांचं नाव आपल्याला कुणालाच आठवेना. पंचवीस वर्षं दूध घालणाऱ्या भाऊंनी ते सांगितलं, गावासकट. माझ्या जुन्या फोल्डरवर फक्त प्रसंगाचं नाव होतं. माणसांची नावं मी कधी लिहिलीच नव्हती. ती आता लिहिली गेली. चुकीचं समर्थन करत नाही. दोनशे फोटो गेले ते गेलेच.

आता मी काय बदललं ते सांगतो. तुमचे फोटो फोनमध्ये असोत की लॅपटॉपमध्ये, तुम्हालाही उपयोगी पडेल.

एक. पडद्यावर आलेला संदेश पूर्ण वाचायचा, वहीत उतरवायचा, मगच हात लावायचा. एका वेळी एकच बदल, आणि आधी काय होतं तेही लिहायचं.

दोन. बॅकअप सुरू होण्याआधी डबा खणात आहे का, हे यंत्र आता स्वतः तपासतं. नसेल तर एक अक्षर लिहीत नाही आणि माझ्या फोनवर निरोप पाठवतं.

तीन. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. बँकेच्या तिजोरीच्या दुसऱ्या चाव्या दुसऱ्या शाखेत ठेवतात. माझी तिसरी प्रत मुलीच्या घरी असते. दर तीन महिन्यांनी डिस्क बदलतो, त्या निमित्ताने नातवंडंही भेटतात.

चार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअपमधून कुठल्याही पाच फाइली काढून उघडून बघतो. ‘काम पूर्ण’ या नोंदीवर आता माझा विश्वास नाही. बँकेत अचानक कॅश मोजायला येत. पुस्तकात शिल्लक लिहिली आहे म्हणून तिजोरीत पैसे आहेत असं कुणी धरत नसे. नोकरीत आयुष्यभर जे पाळलं, ते घरी विसरलो होतो.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मी सत्तरी ओलांडली आहे. उद्या मी नसलो तर त्या कपाटातल्या डब्याचं काय करायचं, हे घरात कुणाला माहीत होतं? सोसायटीच्या शेअरला आपण नॉमिनी लावतो, बँकेच्या खात्याला लावतो. फोटोंना कोण लावतं? मी एक वही केली आहे. साध्या मराठीत. यंत्र कसं चालू करायचं, कसं बंद करायचं, पासवर्ड कोणते, काय कुठे आहे. एक वही आमच्या गोदरेजच्या कपाटात आहे. सोसायटीच्या फोटोंची वेगळी डिस्क आणि तिची छोटी वही चिटणीसांकडे सीलबंद पाकिटात दिली आहे. गेल्या महिन्यात सी विंगमधल्या दहावीतल्या मुलाला ती वही देऊन मी बाजूला बसलो आणि एक शब्द बोललो नाही. त्याने वीस मिनिटांत एक फोटो परत काढून दाखवला. तिसऱ्या पानावर मात्र अडला. ते पान मी पुन्हा लिहिलं.

शेवटी एक मागणं. त्या दोनशे फोटोंतले काही तुमच्या जुन्या आल्बममध्ये, पोटमाळ्यावरच्या पेटीत असतील. शनिवार-रविवारी संध्याकाळी घेऊन या. तुमच्यासमोर स्कॅन करीन, प्रिंट लगेच परत देईन आणि स्कॅन केलेली प्रत पेनड्राइव्हवर देईन. येताना फोटोतल्या माणसांची नावं तेवढी घरच्या मोठ्यांना विचारून या. ती त्यांना आठवतायत तोवर.