बडोद्याचे ग्रंथालय आणि खेड्यातील श्रोता
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनासाठी व्याख्यान)



चौथी उत्तीर्ण होऊन शेतावर गेलेला मुलगा चार-पाच वर्षांनी स्वतःचे नाव लिहिताना अडखळतो, हा अनुभव खेड्यातील कोणत्या शिक्षकास नाही? शाळेत मिळविलेली अक्षरे वापराविना पुसली जातात. याच चिंतेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोदे संस्थानच्या अधिपतीस ग्रासले होते; तेथील ग्रंथालय-चळवळीचे मूळ तिच्यातच सापडते.

सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. १८७५ साली दत्तक जाईपर्यंत त्यांस अक्षरओळखही नव्हती. निरक्षरता म्हणजे काय हे स्वतः भोगलेले असल्यामुळेच की काय, त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. परंतु शिकलेले टिकावे कसे? त्यासाठी १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस पाचारण करण्यात आले, आणि महाराजांचा सुमारे २० हजार ग्रंथांचा खाजगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला.

या ग्रंथालयाचे वैशिष्ट्य ग्रंथसंख्येत नव्हते. ज्यास वाचताच येत नाही, त्यास ग्रंथालयाचा उपयोग काय, हा प्रश्न तेथे प्रामाणिकपणे विचारला गेला. त्याचे उत्तर म्हणून ग्रंथालय खात्यातच दृक्शिक्षणाची शाखा निघाली. जादूचा कंदील, काचेवरील चित्रे आणि पुढे चलच्चित्रे घेऊन तिची माणसे गावोगाव जात व विनामूल्य खेळ दाखवीत. ज्या काळी तालुक्याच्या गावीही पडद्यावरचे चित्र दुर्मिळ होते, त्या काळी खेड्यात ते पाहून लोकांस काय वाटले असेल याची कल्पना करावी! मुलांसाठी स्वतंत्र दालन होते; तेथे खेळांची साधने असत व गोष्टी सांगितल्या जात. स्त्रियांसाठीही निराळी व्यवस्था होती. १९१२ पासून ग्रंथालयविषयक एक नियतकालिक निघाले, त्यात इंग्रजी व गुजराथी यांजबरोबर मराठी विभागही होता.

याच्या जोडीला फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या होत्या. निवडक पुस्तके भरून त्या खेड्यात धाडल्या जात, काही मुदतीनंतर परत येत आणि नव्या पुस्तकांसह दुसऱ्या गावी जात. गावास कायमचे वाचनालय हवे असल्यास खर्चाचा एक तृतीयांश गावकऱ्यांनी, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने व उरलेला सरकारने द्यावा, असा नियम होता. ही वाटणी फार शहाणपणाची म्हटली पाहिजे. पदरची वर्गणी गुंतलेले वाचनालय गावकरी सहसा बंद पडू देत नाहीत. बडोदे १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले व १९६० पासून ते गुजरातेत आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. व्याख्यानमाला, कथाकथन, ग्रंथप्रदर्शन, आणि २०१५ पासून १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, असे कार्यक्रम ठिकठिकाणी होतात. त्यांस गर्दीही होते. मात्र कोठे कोठे कार्यक्रमाच्या दिवशीच पुस्तकांच्या देवघेवीचे टेबल बंद असते, हे काय म्हणावे? गोष्ट ऐकून ज्या मुलाचे मन नुकते भुकेले झाले, त्यास कुलूपबंद कपाट दाखवून परत पाठविण्यासारखेच ते आहे.

येथे शिक्षकास पुष्कळ करता येईल. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ग्रंथालयात कथाकथन ठरले की त्याने ग्रंथपालास आधी पत्र लिहावे आणि कथाकाराच्या पुस्तकांपैकी दोन-तीन शाळेच्या नावावर मागून घ्यावीत. मुलांस कार्यक्रमास नेणे जमले नाही, तरी पुस्तके शाळेत आणता येतात. आठवड्यातील एका सायंकाळी, गुरे घरी परतल्यावर, शाळेच्या ओट्यावर त्यांतील एक प्रकरण मोठ्याने वाचावे व रंगात आले असता थांबावे. पुढचे ज्यास हवे असेल, तो पुस्तक मागेल. या बैठकीस शाळा सोडून गेलेल्या मुलामुलींस नावानिशी बोलवावे. खरी गरज त्यांचीच आहे. पटावरील मुलांस शिक्षक रोज भेटतो, त्यांस कोणी भेटत नाही.

पुस्तके नेणाऱ्यांची एक साधी वही ठेवावी. तीत नाव शिक्षकाने लिहू नये. नेणाऱ्यानेच लिहावे, मग त्यास कितीही वेळ लागो. पुस्तक परत करण्याची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात मांडून ठेवली म्हणजे ग्रंथपालाची तक्रार येणार नाही व दुसरी पुस्तके वेळेवर मिळतील.