अनाफी : एका ठिपक्याची भेट

पस्तीस वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. ग्रीसचा नकाशा फळ्यावर काढतांना मी क्रीट बेट मोठ्या आस्थेनें काढीत असें आणि त्याच्या उत्तरेस खडूनें पांचपंचवीस ठिपके देऊन मोकळा होत असें. "या ठिपक्यांचीं नांवें पाठ करण्याचें कारण नाहीं," असें मुलांना बजावीतही असें. त्यांपैकींच एका ठिपक्यावर, सेवानिवृत्तीनंतर, चार दिवस राहण्याचा योग मला आला. त्याचें नांव अनाफी.

सिक्लाडीस द्वीपसमूहाच्या आग्नेय टोकाशीं हें बेट आहे. जगप्रसिद्ध सांतोरिनीचें तें शेजारी. सांतोरिनीच्या धक्क्यावर जत्रेसारखी गर्दी उतरली आणि आमची बोट पुढें निघाली, तेव्हां डेकवर मोजकेच उतारू उरले होते. अनाफीचें क्षेत्रफळ सुमारें ३८ चौरस किलोमीटर, वस्ती तीनशेंच्या आसपास. विमानतळ नाहीं, वारा खवळला कीं बोटही नाहीं. गांव डोंगराच्या पाठीवर, जुन्या किल्ल्याच्या जागेभोंवतीं वसलें आहे. घरें चुन्यानें पांढरीं केलेलीं. छपरें बहुधा कमानदार, कारण बेटावर लांकूड दुर्मिळ. गल्ल्या इतक्या अरुंद कीं ओझ्याचें गाढव समोरून आलें तर आपण भिंतीशीं अंग चोरून उभें राहावें.

या बेटाच्या जन्माची कथा मोठी रम्य आहे. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अपोलोनियस या कवीनें ती आपल्या 'आर्गोनॉटिका' काव्यांत सांगितली आहे. क्रीटहून स्वदेशीं परतणारे आर्गो नौकेंतील वीर एके रात्रीं अशा काळोखांत सांपडले कीं समुद्र कोठें आणि आकाश कोठें हें कळेना. त्यांचा नायक जेसन यानें अपोलोचा धांवा केला. देवानें आपलें सोनेरी धनुष्य उंचावलें, आणि त्याच्या तेजांत एक लहानसें बेट दिसलें. अनाफी म्हणजे प्रकट झालेलें. अपोलोच्या पुरातन देवळाचे दगड आज पूर्वेकडील एका ख्रिस्ती मठाच्या भिंतींत बसलेले दिसतात. मठामागें कालामोस नांवाचा साडेचारशें मीटर उंचीचा प्रचंड खडक समुद्रांतून सरळ वर उठला आहे. गांवापासून तेथवर मी पायीं गेलों. वाटेंत रानझुडुपांचा ओव्यासारखा वास, शेळ्यांच्या गळ्यांतील घंटा, आणि खालीं निर्मनुष्य वाळू. एवढी शांतता मीं पूर्वीं अनुभविली नव्हती.

संध्याकाळीं घरमालकिणीचे वृद्ध वडील ओट्यावर बसले होते. तिच्या इंग्रजीच्या आधारें मीं त्यांस म्हटलें, "आपण भाग्यवान आहांत. आपलें बेट गर्दीपासून वांचलें आहे." म्हातारबुवा कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दास्काले," म्हणजे गुरुजी, "येथें गर्दी नाहीं म्हणून आपण आलांत. माझे दोन्ही मुलगे अथेन्सला गेले, म्हणून येथें गर्दी नाहीं."

मला उत्तर सुचलें नाहीं. त्यांनींच पुढें बेटाची दुसरी कथा सांगितली. १९३६ सालीं ग्रीसमध्यें मेटाक्सास यांची हुकूमशाही आली, आणि शेंकडों राजकीय विरोधकांना या बेटावर हद्दपार करण्यांत आलें. भिंती बांधण्याची जरूरच नव्हती. समुद्र पहारा करीत होता. त्या लोकांनीं सामायिक स्वयंपाकघर चालविलें, एकमेकांस शिकविण्यासाठीं वर्ग भरविले. महायुद्धांत देश परक्यांच्या ताब्यांत गेला तेव्हां त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. ज्या एकांतासाठीं मी तिकीट काढून आलों होतों, तोच त्यांना शिक्षा म्हणून दिला गेला होता.

परतीच्या वाटेवर अथेन्समध्यें मी आक्रोपोलिसच्या टेकडीखालील अनाफिओतिका ही वस्ती मुद्दाम पाहिली. १८३४ सालीं अथेन्स राजधानी झाल्यावर राजा ओथो यांच्या नव्या नगराच्या बांधकामासाठीं अनाफीचे गवंडी व सुतार तेथें आले. ओथोंचा राजवाडा म्हणजे आजचें ग्रीक संसदभवन. दिवसां राजधानी उभारणाऱ्या या कारागिरांनीं स्वतःसाठीं मात्र आपल्या गांवच्यासारखींच इवलीं पांढरीं घरें आणि तशाच चिंचोळ्या गल्ल्या बांधल्या. त्या गल्लींत उभा असतांना मला आमच्या कोंकणांतील घराचें कुलूप आठवलें. मुंबईच्या चाकरमान्याला तें अधिक सांगावयास नको.

श्रोतेहो, अनाफीला अवश्य जावें. पण एका दिवसाकरितां जाऊं नये. चार दिवस राहावें, तेथल्याच दुकानांतून पाव घ्यावा आणि ओट्यावरील माणसाशीं बोलावें. परवां नातवाला ग्रीसचा नकाशा काढून दिला. क्रीटच्या उत्तरेस ठिपके दिले आणि एकाशेजारीं बारीक अक्षरांत नांव लिहिलें. त्यानें विचारलें, "आजोबा, बाकीच्यांचीं?" आतां तीं शिकत आहें.