लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

आज कोडिंग-बिडिंग काही नाही. मागच्या एपिसोडमध्ये बुंदी गेल्याचं ओझरतं बोललो होतो, त्यावर तुमचे खूप मेसेज आले. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, "दादा, मग आमच्या कुत्र्याला लस द्यायची का नाही?"

द्यायची. हे आधीच सांगतो, कारण अर्धं ऐकून बंद करणारे पण आहेत तुमच्यात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कुत्रं वाचत नाही, आणि माणसाला झाला तर त्याचंही वाचणं जवळपास अशक्य. पार्व्होनं गेलेली पिल्लं आमच्या कॉलनीतच बघितलीत. माझी तक्रार लसीवर नाहीच. टोचल्यावर जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्यावर आहे.

बुंदी आमची पॉमेरियन, साडेचार किलोची. पप्पा तिला संध्याकाळी क्लिनिकला घेऊन गेले. एकाच वेळी दोन इंजेक्शनं, सेव्हन-इन-वन आणि रेबीजचं. डॉक्टर नव्हते, टोचलं तिथल्या पोऱ्यानं. "थोडा वेळ बसा" असं कुणी म्हणालं नाही. घरी येईपर्यंत तिचं तोंड सुजलं, उलट्या सुरू, हिरड्या पांढऱ्याफटक. मी गाडी काढली, परत तिथंच. पोऱ्या म्हणाला, "काका, इंजेक्शननं होतंच असं थोडं. घरी न्या, झोपवा." डॉक्टरांचा फोन लागेना. दुसऱ्या डॉक्टरांकडे निघालो, तर पोवई नाक्याच्या अलीकडेच पप्पांच्या मांडीवर ती गेली.

याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शरीर लसीतल्या एखाद्या घटकावर एवढं चवताळतं की बीपी धाडकन खाली येतं. बहुतेकदा हे काही मिनिटांत ते काही तासांत होतं आणि त्यावरचं पहिलं औषध म्हणजे अ‍ॅड्रेनालिन. किती वेळा होतं असं? अमेरिकेत १२ लाखांहून जास्त कुत्र्यांचा एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला. लसीनंतर तीन दिवसांत कसला ना कसला त्रास झाला तो दर १०,००० मागे साधारण ३८ कुत्र्यांना, आणि त्यात किरकोळ सूज-खाज पण मोजलेली. म्हणजे दुर्मीळच. पण त्याच अभ्यासात दिसलं की कुत्रं जितकं लहान आणि एका वेळी जितक्या जास्त लसी, तितका धोका वाढतो. साडेचार किलोची बुंदी आणि दोन इंजेक्शनं. असो.

आता पोऱ्यानं टोचलं ते चालतं का? भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यात लसीकरण 'किरकोळ सेवा' धरलंय. राज्य सरकारनं परवानगी दिलेला डिप्लोमा किंवा सर्टिफिकेटवाला माणूस ते करू शकतो, पण नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सगळी मेख त्या देखरेखीत आहे. त्यामुळं क्लिनिकला गेलात की बिनधास्त विचारा, डॉक्टर आत आहेत का, अ‍ॅड्रेनालिन आहे का, आम्ही अर्धा तास इथंच बसलो तर चालेल का. कुणी हसलं तर हसू दे.

आमच्या कामात सर्व्हर पडला की पहिला प्रश्न, लॉग कुठंय? इथंही तेच. पप्पांच्या यूपीआय पेमेंटची वेळ, माझे कॉल, ताईनं काढलेला उलटीचा व्हिडिओ, लसीच्या कार्डावरचं बॅच नंबरचं स्टिकर, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं. पप्पा म्हणत होते, रानात पुरूया, लेकराला कशाला चिरायचं. ताई ऐकेना. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून नेलं आणि पोस्टमॉर्टेम करून घेतलं. बर्फातच ठेवायचं बरं का, डीप फ्रीजरला नाही, आतले भाग गोठले की तपासायला खराब होतात. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वेळ आलीच तर आधी तिथं फोन करून विचारा.

रिपोर्टमध्ये 'शक्यता' असाच शब्द आलाय. त्या एका शब्दावरून घरात दोन दिवस वाद झाला. पप्पांना वाटतं, यानं काय सिद्ध होणार? मला वाटतं, लसीनंच गेली हे शंभर टक्के कधीच कळणार नाही. पण सुजलेल्या तोंडाचं कुत्रं समोर असताना डॉक्टर नव्हते आणि "घरी न्या" म्हटलं गेलं, ते मात्र पुराव्यानिशी दाखवता येतं. क्लिनिकचं नाव इथं घेणार नाही, प्रकरण चालू आहे.

डॉक्टरांच्या वागणुकीबद्दलची तक्रार नागपूरला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते. भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि ऑनलाइन भरता येतो. आम्ही दोन्हीकडे केलाय. अर्ज मराठीत लिहिला, पप्पांनी स्वतः. 'पाळीव प्राण्याचे नाव' या रकान्यात त्यांनी 'बुंदी' लिहून पुढं आमचं आडनाव पण लावलंय.

पुढची तारीख लागली की सांगतो. तोवर कुणाला अर्जाचा नमुना पाहिजे असेल तर मेसेज करा, पाठवतो.