जुन्या गाडीचे टायर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून टायरवर काय बोलता, असे काही जण म्हणाले. बाहेर लिंबाखाली उभ्या गाड्या बघा. दहा-पंधरा वर्षांच्या बोलेरो आणि जीपगाड्या, एकेकीतून दहा-बारा माणसे आलेली. रात्री याच गाड्यांनी परत जायचे आहे. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्यातून समृद्धी महामार्ग गेला. उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटवर भरलेली गाडी ताशी शंभराने पळवली आणि म्हातारा टायर फुटला, तर गाडी सावरायला वेळ मिळत नाही.

म्हातारा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. आपली गाडी बाजार, दवाखाना, लग्न आणि आंदोलन एवढ्यासाठीच निघते. तिचे टायर घासून संपत नाहीत, उभ्या-उभ्या म्हातारे होतात. नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते आणि चैत्रात काळ्या रानाला पडतात तशा बारीक भेगा बाजूच्या भिंतीवर दिसतात. वय ओळखणे सोपे आहे. टायरवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. बाहेरून दिसले नाहीत तर वाकून आतल्या बाजूला बघा. पाच वर्षे झाली की दरवर्षी तपासा. भेगा किंवा फुगवटा दिसला, तर नक्षी कितीही असो, काढा. नक्षीच्या खाचेत १.६ मिलिमीटरची खूण असते, तिथपर्यंत घासला तर बोलायलाच नको. नवा घेतानाही हे चार आकडे आधी वाचा. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघता, तशीच हीही बघा.

आता माप. बोलेरोला २१५/७५ आर १५ लागतो. २१५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल, १५ इंची रिंग. त्यापुढचा आकडा वजनाचा. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, ९४ असेल तर ६७० किलोच. दुकानदार म्हणतो, कारचा २०५/६५ आर १५ स्वस्त आहे, रिंगवर बसतो. बसतो खरा, पण गाडी २८ मिलिमीटर खाली येते, काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, आणि दहा माणसे व दोन पोती भरल्यावर तोच आधी तापतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या वजनाच्या आकड्याखाली उतरू नका. रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला तर नकोच नको.

नक्षी कोणती, यावर पोरांचे वाद चालतात. मोठ्या गोट्यांचा टायर रुबाबदार दिसतो, पण डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो, डिझेलही थोडे जास्त खातो. आणि आपली काळी माती ओली झाली की कोणतीही नक्षी भरून टाकते. मग ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. बहुतेकांना साधा रस्त्याचा टायर पुरे. ज्यांची वस्ती मुरमाड, दगडी वाटेवर आहे त्यांनी मध्यम गोट्यांचा घ्यावा.

चारही एकदम घेण्याची ऐपत नसेल तर दोन घ्या, पण एकाच आसावर एकसारखे, आणि नवे मागे टाका. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर स्टेअरिंगला कळते. मागची घसरली की गाडी फिरते. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही बरोबरच बदला.

पैशाचे बोलू. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला. चार टायरांत किती क्विंटल जातो, घरी मांडून बघा. पूर्वी टायरच्या पोटात सुती धाग्याचेच थर असत. पुढे रेयॉन, नायलॉन आले आणि कापूस त्यातून हद्दपार झाला. आपला माल बाजारात नेला की भाव दुसरा ठरवतो. टायरवाल्यांचे काय? स्पर्धा आयोगाने पाच मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या संघटनेवर संगनमताने भाव ठरवल्याचा ठपका ठेवून १७८८ कोटींच्या वर दंड लावला. आदेश २०१८ चा, जाहीर झाला २०२२ च्या फेब्रुवारीत. कंपन्या अपिलात गेल्या आणि त्याच डिसेंबरात अपील प्राधिकरणाने प्रकरण पुन्हा आयोगाकडे पाठवले. एवढे मात्र हातात आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५ टक्के झाला. पक्के बिल मागा आणि कर किती लावला ते तिथेच वाचा.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. गाडीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी जो आकडा आहे तो धरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. आज निघण्यापूर्वी स्टेपनीचेही चार आकडे वाचून घ्या. बॅटरी मंडपातल्या कार्यकर्त्यांकडे आहे.