पूर्वजांचे गाव आणि नकाशाचे पान

आपले पूर्वज कोठून आले हा प्रश्न पोट भरल्यावरच सुचतो, असे म्हणतात. परंतु ज्यांचे पूर्वज पोट भरत नव्हते म्हणूनच देश सोडून गेले, त्यांच्या वंशजांना तो प्रश्न अधिकच छळतो. आयर्लंडमधून बाहेर पडलेल्यांची कथा अशीच आहे. १८४५ साली तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षे दुष्काळाने देश पोखरला. सुमारे दहा लाख माणसे दगावली व जवळजवळ तितकीच परदेशी गेली. १८४१ च्या खानेसुमारीत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. गेलेल्यांच्या घरी एखादे नाव आणि ‘काउंटी मेयो’ एवढे दोन शब्द उरले. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर गाव कसे शोधावे?

कागदपत्रे पाहावीत म्हटले तर तेथेही दैवाने घाला घातला. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या धुमाळीत, डब्लिन येथील ‘फोर कोर्ट्स’ या इमारतीतील सरकारी दप्तरखाना जळून खाक झाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांची बहुतेक पाने त्यात गेली. १८६१ ते १८९१ च्या खानेसुमाऱ्यांचे कागद तर त्यापूर्वीच सरकारी हुकुमाने नष्ट करण्यात आले होते. त्यामुळे संपूर्ण देशाची घरोघरची नावे देणारी सर्वांत जुनी खानेसुमारी १९०१ ची. त्यामागची पोकळी भरून काढावयाची तर जमिनीच्या कराची दप्तरे व नकाशे यांनाच शरण जावे लागते.

हे नकाशे मात्र अव्वल दर्जाचे आहेत. कराची आकारणी न्याय्य व्हावी म्हणून १८२४ साली थॉमस कोल्बी यांच्या देखरेखीखाली आयर्लंडची मोजणी सुरू झाली. एका मैलाला सहा इंच अशा मोठ्या प्रमाणात साऱ्या देशाचे नकाशे १८४६ पर्यंत तयार झाले. झोपडी, विहीर, चुन्याची भट्टी, चर्चचे भग्न अवशेष, सारे त्यांत उतरले. उन्हाने लांबी बदलू नये म्हणून कोल्बी यांनी पितळ व लोखंड यांचे जोडगज वापरले. १८२९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांनी आयर्लंडला जाऊन हे काम पाहिले आणि तशीच साधने हिंदुस्थानात आणली. माळव्याच्या उत्तर टोकाकडील सिरोंज येथे आणि निजामाच्या मुलखातील बीदर येथे मूळ रेषा मोजल्या गेल्या त्या याच गजांनी. ग्वाल्हेर-हैदराबादकडील वाचकांना आयर्लंडचे हे नकाशे म्हणूनच अगदीच परके वाटू नयेत.

आता या नकाशांसाठी डब्लिनला जाण्याचे कारण उरलेले नाही. घरच्या संगणकाच्या पडद्यावर ते विनामूल्य पाहावयास मिळतात. परंतु ते वाचण्यापूर्वी एक शब्द समजून घ्यावा लागतो. तो शब्द ‘टाउनलँड’. नावात टाउन असले तरी हे शहर नव्हे. आपल्याकडील वाडी-शिवारासारखा हा जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला विभाग. बत्तीस काउंट्या, त्यांखाली बॅरनी, त्यांखाली मुलकी पॅरिश आणि सर्वांच्या तळाशी सुमारे ६१ हजार टाउनलँड, अशी ही उतरंड आहे. टाउनलँडचे नाव कळले की शोध अर्धा संपला. ते न कळले तर एकाच काउंटीत एकाच नावाची डझनभर माणसे निघतात आणि शोधक चकव्यात सापडतो.

या कामी ज्या दप्तराचा सर्वाधिक उपयोग होतो ते सर रिचर्ड ग्रिफिथ यांनी केलेल्या आकारणीचे. १८४७ ते १८६४ या काळात ती प्रसिद्ध झाली. कसणाऱ्याचे नाव, ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचे नाव, क्षेत्र व आकार एवढा तपशील प्रत्येक नोंदीत असतो. सात-बाराचा उतारा हाताळलेल्या माणसाला त्याचे मर्म सांगावयास नको. नोंदीच्या आरंभी जो अंक असतो तोच नकाशातील तुकड्यावर असतो. लहान अक्षर असेल तर ते घराचे चिन्ह. शोधक प्रथम नाव काढतो, मग अंक पाहतो, मग नकाशावर तो तुकडा हुडकतो. जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून तो हळूहळू पुसट करण्याची सोय असल्यामुळे, पणजोबांचे शेत आज कोणत्या रस्त्यालगत आहे हेही समजते.

नावांचे कोडे सोडविण्यासाठी डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या साहाय्याने चाललेला स्थलनामकोश आहे. मोजणीच्या वेळी जॉन ओडोनोव्हन यांनी गावोगाव हिंडून आयरिश नावांचा मूळ अर्थ शोधला होता. त्या परिश्रमाचा लाभ आजही मिळतो. ‘बॅली’ म्हणजे बहुधा वस्ती, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘डेरी’ म्हणजे ओक वृक्षांची राई. ‘किल’ मात्र फसवे. त्याचा अर्थ बहुधा चर्च, पण क्वचित् रानही. परदेशी कारकुनाने कानाला वाटेल तसे लिहिलेले नाव अशा वेळी उच्चारावरून ओळखावे लागते.

काउंट्यांची नावेही बदलली आहेत. बराक ओबामा यांच्या आईकडील पूर्वज फॅल्मथ कर्नी हा चांभाराचा मुलगा १८५० मध्ये मोनीगॉल सोडून अमेरिकेस गेला. तो निघाला तेव्हा ते खेडे ‘किंग्ज काउंटी’त होते. आजच्या नकाशावर तीच काउंटी ‘ऑफली’ आहे. हा दुवा २००७ मध्ये तेथील चर्चच्या जुन्या दप्तरातून उजेडात आला आणि २३ मे २०११ रोजी ओबामा त्या खेड्याला भेट देऊन आले.

चर्चच्या दप्तरांविषयी एक सूचना अवश्य हवी. कॅथलिक पॅरिशच्या सीमा मुलकी पॅरिशच्या सीमांशी जुळतातच असे नाही. बाप्तिस्म्याची नोंद एका नावाखाली आणि जमिनीची दुसऱ्या, असे वारंवार घडते. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक पॅरिशांची जुनी दप्तरे २०१५ पासून इंटरनेटवर खुली केली आहेत, आणि तेथेही सीमांचा नकाशा दिलेला आहे. तो आधी पाहावा, मग पाने उलटावीत.

तथापि नकाशा म्हणजे पुरावा नव्हे. ग्रिफिथच्या यादीशी जोडलेली नकाशाची पाने पुष्कळदा यादीनंतरची आहेत. त्यामुळे मधल्या काळात अंक बदललेले असू शकतात. नाव जुळले म्हणजे नाते जुळले असेही नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि जमीन या तीन नोंदी एकाच टाउनलँडकडे बोट दाखवतील तेव्हाच विश्वास ठेवावा. घाईने दुसऱ्याचा पणजा आपल्या घरात आणून बसविणे हा आपल्या पणजोबांचा अपमानच होय.

आणि कित्येकांची नावे कोठेच सापडत नाहीत. ज्याच्या नावावर घर वा जमीन नव्हती तो मजूर यादीत नाही. बायकामुलांची नावेही नाहीत. आकारणी येण्यापूर्वी जे मेले वा गेले, तेही नाहीत. अशांच्या बाबतीत नकाशाच काय तो साक्षीदार. मेयोतील अकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी पहिल्या मोजणीच्या नकाशात घरांचे ठिपके दाटीने दिसतात. आज तेथे ऐंशी-शंभर घरांच्या छपरावाचूनच्या दगडी भिंती उभ्या आहेत. असे ठिपके आयर्लंडभर आहेत. एका नकाशात आहेत, पुढच्या नकाशात नाहीत. त्या दोन पानांच्या मधल्या जागेत कोण राहत होते ते कोणी लिहून ठेवले नाही. परंतु तेथे चूल पेटत होती एवढे मोजणीदाराने प्रामाणिकपणे नोंदविले. दूरदेशीच्या वंशजाला कधी कधी तेवढेच मिळते, आणि तेवढ्यासाठीही तो पडद्यासमोर रात्र रात्र जागतो.