पॉलिग्राफ आणि संशयिताचा नकार



खुनाचा तपास अडला की पेपरात बातमी येते : संशयिताची पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याची, चाचणी होणार. त्यानं नकार दिला की लोक लगेच म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय! त्या नकाराची बाजू आज मला मांडायची आहे.

चाचणीत छातीला आणि पोटाला श्वास टिपणाऱ्या नळ्या बांधतात, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम नोंदवणारे इलेक्ट्रोड. पण फक्त खोटं बोलतानाच होतो, एरवी होत नाही, असा शरीरातला एकही बदल विज्ञानाला सापडलेला नाही. म्हणून मग तुलना करतात. ‘तू त्याला भोसकलंस का?’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक असतो : ‘जवळच्या माणसाला कधी फसवलं आहेस का?’ निर्दोष माणूस या दुसऱ्या प्रश्नाला जास्त बिचकेल आणि गुन्हेगार पहिल्याला, असं गृहीत धरलेलं असतं. अहो, ज्याच्यावर खुनाचा आळ आलाय, तो निर्दोष असला तरी पहिल्याच प्रश्नाला त्याची छाती धडधडणार नाही का? खरी मेख इथंच आहे.

उलटंही घडतं. सीआयएतला ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत रशियाला गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१, दोन्ही वेळा तो या चाचणीतून सहीसलामत सुटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००३ मध्ये सगळे पुरावे तपासले. विशिष्ट गुन्ह्याच्या तपासात चाचणी निव्वळ अंदाजापेक्षा बरी, पण बिनचूकपणापासून बरीच लांब, असं त्यांना आढळलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सांगितलं, की संमतीशिवाय ही चाचणी करता येणार नाही. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, वकिलाला भेटू द्यायचं. संमतीनं झालेल्या चाचणीचा निकालसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातून पुढं काही हाती लागलं, तर ते मात्र चालू शकतं.

पण नकार म्हणजे कबुलीच, असं बाहेर वातावरण असेल, तर कोठडीतल्या माणसाची सही कितपत राजीखुशीची? म्हणून पत्रकार मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे : ‘संशयितानं चाचणीला नकार दिला’ असं छापाल, तेव्हा तो त्याचा घटनादत्त हक्क आहे, हेही त्याच बातमीत छापा.